कसाची रेघ

कटकच्या गल्लीत तेवीस वर्षं सोनं गाळलं.
मूस, कोळसा, टाकणखार,
आणि खिशात हा काळा दगड,
ज्यावर दागिना घासला की रेघ बोलायची.
बावीसची रेघ लोण्यासारखी बसते.
चौदाची कोरडी, फिकट.
गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत मी भाव सांगायचो.

म्हणून, मॅडम, हसू नका,
मला वाटलं ही तर आपलीच विद्या.

पुतण्यानं मोबाइलवरून मागवून दिलं.
तपकिरी खोकं, वर कशाचंच नाव नाही.
मालन शेजारी पापड लाटायला गेली होती.
माडीवर कडी लावून कागद उघडला:
इंग्रजी, हिंदी,
आणि चित्रातलं एक बोट,
गोरं, कधी मुशीला न शिवलेलं.

टोचणी एकच होती.
बोटात मारली. टक्.
काहीच नाही.
आगीनं न् तेजाबानं माझी बोटं
बाभळीच्या सालीसारखी झालीत,
रक्ताला बाहेर यायला वाटच नाही.
मग मालनच्या शिवणाच्या डब्यातली सुई
मेणबत्तीवर धरली
आणि करंगळीच्या कडेला खुपसली.
एक थेंब. अर्धा पट्टीवर, अर्धा पायजम्यावर.
बाटलीतल्या औषधाचे थेंब दोन की तीन
ते मोजताना खाली फटफटी वाजली
आणि आकडा निसटला.

वीस मिनिटं, कागद म्हणत होता.
भट्टीपुढं मी कधी घड्याळ पाहिलं नाही,
मुशीतला रंग फिरला की वेळ झाली.
वरची रेघ आली, ठसठशीत.
खालची
खिडकीत धरली. बल्बखाली धरली.
कौल सरकवून उन्हात धरली.
होती.
केसाएवढी. पुसल्यासारखी.

मी आपला कस लावला:
फिकट म्हणजे हीण जास्त, माल कमी.
रोग असलाच तर चौदा कॅरेटचा.
अंगातच जिरेल.

नऊ दिवस या हिशोबावर जगलो.
भावकीतल्या लग्नात फेटा बांधून मिरवलो.
मालन झोपली की मात्र
दगडाच्या पिशवीतून पट्टी काढून बघायचो.
रेघ रोज वेगळी दिसायची,
त्या दिवशी मला हवी तशी.

दहाव्या दिवशी कागदाच्या तळाचा नंबर फिरवला.
त्यांनी विट्याच्या सरकारी दवाखान्यात धाडलं,
आणि तुम्ही, शिकलगार मॅडम, पहिलं विचारलंत,
किती मिनिटांनी बघितलं? थेंब किती टाकले?
कुठं, कुणाबरोबर, ते नाही विचारलंत.
एसटीत मी कटकचं सगळं घोकून आणलं होतं,
ते तोंडातच राहिलं.

मग म्हणालात, फिकट असो की गडद,
रेघ म्हणजे रेघ. इथं कॅरेट नसतं.
आणि लगेच, पण एवढ्यावर निकालही नसतो.

तेव्हा वस्तादाची थप्पड आठवली.
सोळा वर्षांचा होतो,
नुसती रेघ बघून भाव बोलून बसलो होतो.
"घासलं की झालं सोनं?
तेजाब फिरव. मग उरंल ते बोल."

तर फिरवा.
दंडाला रबर बांधा, ही शीर बघा,
इथं कातडी मऊ आहे.
तीन वेगवेगळ्या तपासण्या म्हणता, तीनही लावा.
उरलं तर उरलं, गोळ्या आहेत म्हणता.

फक्त एक.
ती सुई मी टाकून दिली असं मघाशी म्हणालो.
खोटं कशाला बोलू,
परत डब्यात ठेवली होती. काल काढली.
मधल्या दिवसांत तिनं दोन झंपर शिवले.

मालनलाही आणा म्हणाला होता,
ती बाहेर बाकड्यावर आहे.
साखर तपासायची म्हणून आणलीय.
खरं कसं सांगायचं
त्याचा एखादा कागद असेल तर द्या.
मराठीत असला तर बरं.